हिवाळ्यात चाक लहान हवं

जर्मनीत ऑक्टोबर लागला की टायरवाल्यांच्या दारात रांगा लागतात आणि ईस्टरच्या सुमाराला त्याच रांगा पुन्हा दिसतात. रोजच्या वापराच्या गाडीचा प्रश्न सोपा असतो. हिवाळी टायर चढवलेली चार साधी चाकं घरात नाहीतर डीलरच्या गोदामात पडलेली असतात, ती बसवायची आणि उन्हाळी चाकं त्यांच्या जागी ठेवून द्यायची. स्पोर्ट्स कारचा मालक मात्र काउंटरवर अडून बसतो. उन्हाळ्यात त्याच्या गाडीला वीस इंची चाकं असतात आणि हिवाळ्यातही त्याला वीस इंचीच हवी असतात. स्टुटगार्टच्या परिसरात टायर बसवण्याचं काम करता करता माझं मत उलट दिशेने पक्कं होत गेलं. गाडीच्या ब्रेकवर बसेल आणि कागदपत्रांत मान्य असेल असं सर्वांत लहान चाक हिवाळ्यासाठी घ्यावं, आणि त्यावर मान्य मापांतला अरुंद, उंच कडेचा टायर चढवावा. निवड ब्रेकपासून सुरू व्हावी, शोरूममधल्या फोटोपासून नाही. हे मत सगळ्यांना पटत नाही. न पटण्यामागची काही कारणं वजनदार आहेत आणि काही केवळ हौसेची. दोन्हींना उत्तर द्यायला हवं.

सुरुवात रबरापासून करू. रबर थंड होत जातं तसं कडक होतं, आणि एका ठरावीक तापमानाखाली ते काचेसारखं वागू लागतं. हे तापमान प्रत्येक मिश्रणाचं वेगळं असतं. स्पोर्ट्स कारचा उन्हाळी टायर तापलेल्या डांबरावर, जोराच्या वळणात आणि जोराच्या ब्रेकमध्ये चिकटून राहावा म्हणून बनवलेला असतो. त्याची किंमत तो थंडीत मोजतो. त्याच्या मिश्रणाचा कडक होण्याचा बिंदू साध्या उन्हाळी टायरपेक्षा वर असतो. अशा काही टायरांचे उत्पादक तर स्वतःच बजावतात की कडक गोठणाऱ्या थंडीत हे टायर वापरू नका, हलवूही नका. गोठलेल्या रबराला वाक आला तर नक्षीच्या ठोकळ्यांना चिरा पडतात. हिवाळी टायरच्या मिश्रणात सिलिका भरपूर असते आणि पॉलिमरही थंडीत लवचीक राहणारे निवडलेले असतात. शिवाय प्रत्येक ठोकळ्यावर नागमोडी बारीक चिरा पाडलेल्या असतात. ब्रेक लागला की ठोकळा किंचित वाकतो, चिरा उघडतात आणि त्यांच्या असंख्य कडा बर्फाला धरतात. रुंद खाचांमध्ये बर्फ दाबून बसतो तोही फायद्याचा, कारण बर्फाची सगळ्यात चांगली पकड बर्फावरच बसते. वर्कशॉपच्या उबेत दोन्ही टायर अंगठ्याने दाबून पाहिले तर फारसा फरक जाणवत नाही. जानेवारीतल्या सकाळी अंगणात रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे दाबून पाहा, फरक लगेच कळतो.

मिश्रण आणि चिरा यांचा वाटा सर्वांत मोठा आहे, हे आधी मान्य करून टाकतो. उन्हाळी अरुंद टायरपेक्षा हिवाळी रुंद टायर बर्फावर केव्हाही बरा. पण एकदा हिवाळी टायर घ्यायचं ठरलं की पुढचा प्रश्न मापाचा असतो, आणि तिथेच पैसे आणि पकड दोन्ही वाया घालवण्याची सोय आहे. रुंद टायर म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर जास्त, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात टेकणाऱ्या भागाचं क्षेत्रफळ मुख्यतः चाकावरचा भार आणि आतल्या हवेचा दाब यांवर ठरतं. एका चाकावर साडेतीनशे किलो भार आणि दाब २.२ बार धरला, तर हिशेबाने ते दीडशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास येतं, म्हणजे एका पोस्टकार्डाएवढं. टायर रुंद केला की हे पोस्टकार्ड मोठं होत नाही, आडवं होतं: रुंदी वाढते, लांबी कमी होते. कोरड्या रस्त्यावर वळण घेताना आडवं पोस्टकार्ड उपयोगी पडतं, म्हणून तर स्पोर्ट्स कारला रुंद टायर असतात. ओल्या, अर्धवट वितळलेल्या बर्फात मात्र प्रत्येक टायरला आपल्यापुढचा चिखल बाजूला सारावा लागतो. जितकी रुंदी जास्त, तितका सारायचा चिखल जास्त, आणि तो वेळेत सरला नाही तर टायर त्याच्यावर तरंगतो. अरुंद टायरचं पोस्टकार्ड उभं असतं. त्याचा पुढचा भाग वाट मोकळी करतो आणि मागचा भाग साफ झालेल्या जागेवर पकड घेतो. स्वीडनच्या बर्फावर धावणाऱ्या रॅलीच्या गाड्यांचे टायर बघितले की हे पटतं. त्याच गाड्या डांबरी रॅलीत रुंद टायरवर धावतात आणि बर्फात नजरेत भरण्याइतक्या अरुंद खिळ्यांच्या टायरवर. वेगासाठीच जगणारी ती माणसं दिसण्यासाठी टायर निवडत नाहीत. (जर्मनीत रस्त्यांची चाळण होते म्हणून खिळ्यांचे टायर १९७५पासून बंद आहेत. तेव्हा आपल्याला मिश्रण, चिरा आणि माप एवढ्यावरच भागवायचं आहे.)

माझ्या मते उंच कडेचं महत्त्व रुंदीपेक्षाही जास्त आहे आणि त्याबद्दल बोललं सर्वांत कमी जातं. पोर्शेची ७१८ केमन उदाहरणाला घेऊ. वीस इंची चाकावर तिला पुढे २३५/३५ आणि मागे २६५/३५ मापाचे टायर लागतात. अठरा इंची चाकावर पुढे २३५/४५ आणि मागे २६५/४५. रुंदी तीच राहते. चाकाचा एकूण व्यासही जवळपास तोच राहतो, पुढे ६७२ मिलिमीटरचा ६६९ आणि मागे ६९४चा ६९६ होतो. बदलते ती रिम आणि रस्ता यांच्यामधली टायरची कड. पुढची ८२ मिलिमीटरवरून १०६वर जाते, मागची ९३वरून ११९वर. जानेवारी-फेब्रुवारीत इथल्या रस्त्यांवर काय होतं, हे माहीत असलेल्याला या दोन-अडीच सेंटिमीटरचं मोल कळतं. डांबराच्या भेगांत पाणी शिरतं, रात्री गोठून फुगतं, दिवसा वितळतं, आणि आठवड्याभरात तिथे धारदार काठाचा खड्डा तयार होतो. वर बर्फाचा पातळ थर असला तर तो दिसतसुद्धा नाही. आपल्याकडे पावसाळ्यात मुंबई-गोवा महामार्गावर जे चालतं त्याचंच हे गोठलेलं भावंड. ८२ मिलिमीटरची कड अशा खड्ड्यात रिमच्या ओठापर्यंत दबते. मग रिमला पोचा येतो किंवा टायरच्या आतले धागे तुटून कडेवर टेंगूळ उठतं. टेंगूळ आलेला टायर दुरुस्त होत नाही. उंच कडेचा टायर हा मार पुष्कळदा गिळून टाकतो. शिवाय निसरड्या रस्त्यावर पकड एकदम सुटण्याऐवजी थोडी आधी सूचना देऊन सुटते, कारण कड वाकते आणि ते वाकणं स्टिअरिंगपर्यंत पोचतं. इथे मालकाचा आक्षेप ठरलेला असतो की मग गाडी मऊ वाटते. वाटतेच. ताशी दोनशेच्या वळणात तो मऊपणा दोष ठरतो. गोठलेल्या घाटात ताशी चाळीसने उतरताना मला तोच हवा असतो.

माझदाच्या एमएक्स-५मध्ये रुंदी आणि कड दोन्ही एकदम सुधारतात. सतरा इंची २०५/४५च्या जागी सोळा इंची १९५/५० बसतो, आणि दोन्ही मापं कंपनीनेच दिलेली असल्यामुळे कागदांचा घोळ नसतो. ही गाडी हलकी, मागच्या चाकांवर चालणारी आणि स्वस्तात जुनी मिळणारी. पुण्या-मुंबईहून इकडे नोकरीला आलेल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना गाडीचा शौक आहे त्यांची नजर बहुधा हिच्यावरच जाते. त्यांना मी हेच सांगतो की पहिल्या हिवाळ्याआधी सोळा इंची चाकांचा वापरलेला संच शोधा. बाजारात तो सतरा इंचीपेक्षा स्वस्त पडतो आणि त्यावर बसणारे टायरही स्वस्त असतात.

लहान चाक घ्यायचं म्हटलं तरी किती लहान, हे ब्रेकचा कॅलिपर ठरवतो. स्पोर्ट्स कारच्या ब्रेक डिस्क मोठ्या असतात आणि त्यांना कवेत घेणारे कॅलिपर जाडजूड. रिमच्या आतल्या बाजूला त्यांना जागा लागते. बीएमडब्ल्यूच्या २०१४ साली आलेल्या एम३ला साध्या लोखंडी डिस्क असतील तर अठरा इंची चाक चालतं, सिरॅमिक ब्रेक घेतले असतील तर एकोणीसच्या खाली जाता येत नाही. तेव्हा नुसतं मॉडेलचं नाव सांगून चाकं मागवणं धोक्याचं. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचे ब्रेक वेगळे असू शकतात. एमएक्स-५वरही मोठ्या ब्रेकचा पर्याय घेतलेला असेल तर सोळा इंची चाक बसेलच असं गृहीत धरू नये. आणि बसणं म्हणजे नुसतं फिरणंही नव्हे. रिम आणि कॅलिपरमध्ये जेमतेम फट राहिली तर तिच्यात खडी मिसळलेला बर्फ अडकतो आणि रिमला आतून गोल ओरखडे पाडत राहतो. म्हणून माझ्या नियमाला मीच एक पुरवणी जोडतो: सर्वांत लहान चाक, पण कॅलिपरपासून बर्फाला निसटायला वाव ठेवणारं. व्यासाबरोबर रिमची रुंदी आणि ती आत किंवा बाहेर किती बसते हे मापही जुळलं पाहिजे. हे सगळं गाडीच्या प्रमाणपत्रात किंवा रिमबरोबर येणाऱ्या मान्यतेच्या कागदात लिहिलेलं असतं. जर्मनीत त्या कागदाबाहेरचं चाक बसवलं तर गाडीची रस्त्यावर चालण्याची परवानगीच अडचणीत येते, आणि अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा तेच विचारते. इथली कागदपत्रांची शिस्त जाचक वाटते खरी, पण चाकांच्या बाबतीत मला ती कधी निरर्थक वाटलेली नाही.

टायरच्या कडेवर मापानंतर एक आकडा आणि एक अक्षर असतं. आकडा भाराचा, अक्षर वेगाचं. भाराच्या आकड्यात तडजोड नाही, तो गाडीला हवा तेवढा किंवा त्याहून जास्तच पाहिजे. वेगाच्या अक्षरात मात्र हिवाळी टायरला कायद्याने सवलत दिली आहे. एच म्हणजे ताशी २१०, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७० किलोमीटर. साध्या केमनचा कमाल वेग २७५ असला तरी तिला व्ही अक्षराचे हिवाळी टायर लावता येतात. अट एवढीच की चालकाला दिसेल अशा जागी २४०चं स्टिकर लावायचं आणि तो वेग ओलांडायचा नाही. या स्टिकरचा मालकांना फार राग येतो. एवढी गाडी घेतली आणि समोर कागदाचा तुकडा चिकटवून मर्यादा सांगायची, हे त्यांना अपमानास्पद वाटतं. ऑटोबानवर काही ठिकाणी वेगमर्यादा नाही हे खरंच. पण डिसेंबरात ओल्या, मीठ फवारलेल्या, ट्रकांनी भरलेल्या ए८वर ताशी २४०च्या वर जायला जागा आणि उजेड कधी मिळतो, हे त्यांनी स्वतःलाच विचारावं. जास्त वेग सोसणारा टायर आतून जास्त मजबूत बांधावा लागतो आणि मिश्रणातही त्यासाठी काही सोडावं लागतं. जो वेग वापरायचाच नाही त्यासाठी ते का सोडायचं?

आता सगळ्यांत वजनदार आक्षेप. तापमान सात अंशांखाली गेलं की हिवाळी टायर लावा, हे टायर विकणाऱ्यांनी रुजवलेलं सूत्र आहे आणि ते शब्दशः खरं नाही. कोरड्या रस्त्यावर पाच अंशांतही चांगला उन्हाळी टायर हिवाळी टायरपेक्षा आधी थांबवू शकतो. हिवाळी टायरचे ठोकळे मऊ आणि चिरांनी दुबळे झालेले असल्यामुळे कोरड्या डांबरावर ते डुगडुगतात. शिवाय पश्चिम जर्मनीच्या सखल भागात बर्फ पडण्याचे दिवस मोजकेच असतात. मग त्या मोजक्या दिवसांसाठी उरलेले चार महिने हलका ब्रेक का सोसायचा? हा युक्तिवाद मी मोडीत काढणार नाही. पण त्यात दोन गोष्टी निसटतात. एक म्हणजे ही तुलना बहुधा साध्या प्रवासी गाडीच्या उन्हाळी टायरशी केलेली असते. स्पोर्ट्स कारच्या उन्हाळी टायरची थंडीतली झेप त्याहून तोकडी असते, कारण तो तापल्याशिवाय कामालाच लागत नाही आणि गावातल्या गावात पाच किलोमीटर जाताना तो तापत नाही. दुसरं म्हणजे तोटा दोन्हीकडे सारख्या मापाचा नाही. कोरड्या रस्त्यावर हिवाळी टायर काही मीटर जास्त घेतो. दाबलेल्या बर्फावरचा हिशेब वेगळाच आहे. ताशी ५० किलोमीटरला हिवाळी टायरचा घर्षणांक ०.३ धरला तर गाडी साधारण ३३ मीटरमध्ये थांबते. उन्हाळी टायरवर तोच ०.१५वर आला तर ६५ मीटर लागतात, म्हणजे चौक ओलांडून पलीकडे. दर हिवाळ्यात पहिल्या बर्फाच्या सकाळी टो-ट्रक ज्या गाड्या आणतात त्यांच्या पुढच्या बंपरांवर हा फरक वाचता येतो. आणि स्टुटगार्ट काही सपाट नाही. शहराचा मधला भाग वाडग्याच्या तळासारखा आहे आणि घरं चढांवर. खाली पाऊस पडत असताना वरच्या वस्तीत बर्फ असणं इथे नेहमीचं. कायद्यानेही तारखा ठरवलेल्या नाहीत, रस्त्याची स्थिती पाहिली जाते. बर्फ, निसरडा चिखल किंवा दहिवर असताना हिवाळी टायरशिवाय गाडी चालवली तर ६० युरो दंड आणि परवान्यावर एक गुण. टायरवर तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्हच लागतं. नुसतं एम प्लस एस लिहिलेल्या जुन्या टायरांची सवलत सप्टेंबर २०२४अखेर संपली. जुना संच विकत घेताना अजूनही लोक इथे फसतात.

चारही चाकांना ताकद पुरवणाऱ्या गाडीचा मालक म्हणतो, माझी गाडी बर्फात सहज निघते. निघतेच. चारही चाकं ढकलत असली की सुटण्याची अडचण जवळपास संपते. पण थांबताना प्रत्येक गाडीला चार चाकांचेच ब्रेक असतात, मग इंजिनाची ताकद दोन चाकांना जात असो की चार. सहज निघणारी गाडी चालकाला रस्त्याबद्दल खोटा दिलासा देते, हा तिचा एक छुपा दोष आहे. मागच्या चाकांवर चालणारी, मागे इंजिन असलेली ९११ या बाबतीत प्रामाणिक म्हणावी लागेल. मागच्या चाकांवर वजन असल्यामुळे ती चढावर छान निघते आणि हलक्या पुढच्या चाकांमुळे वळणाच्या तोंडाशीच सांगते की आज इथे माती नाही, बर्फ आहे. १९६८, १९६९ आणि १९७० अशी सलग तीन वर्षं तिने माँटे कार्लो रॅली जिंकली, ती या स्वभावामुळेच आणि बर्फाला साजेशा टायरांमुळे. इलेक्ट्रॉनिक स्थिरता प्रणालीचंही तसंच. ती कुठल्या चाकाला किती ब्रेक लावायचा हे चालकापेक्षा चांगलं ठरवते, पण असलेल्या पकडीची वाटणी करण्यापलीकडे तिचा हात पोचत नाही. पकड टायरनेच आणावी लागते.

बारमाही टायरचा पर्याय आता गंभीरपणे घ्यावा लागतो. मिशेलिनने २०१५ साली क्रॉसक्लायमेट आणल्यापासून हे टायर पुष्कळ सुधारले. हिमकणाचं चिन्हही त्यांच्यावर असतं, म्हणजे कायद्याचा प्रश्न मिटतो. ऱ्हाईनच्या खोऱ्यात राहणाऱ्या आणि छोटी हॅचबॅक चालवणाऱ्याला मी तेच सुचवीन. स्पोर्ट्स कारसाठी मात्र नाही. ज्या गाडीचं सगळं कौतुक तिच्या उन्हाळ्यातल्या वळणांसाठी आहे, तिच्यावर वर्षभर मधलाच टायर ठेवायचा तर ती गाडी घेतली कशाला? दोन संच ठेवल्याने उन्हाळी टायर उन्हाळ्यापुरता उत्तम ठेवता येतो आणि हिवाळी हिवाळ्यापुरता. प्रत्येक संच वर्षातला अर्धाच काळ झिजतो, त्यामुळे टायरांचा खर्च दुप्पट होत नाही. दुसऱ्या रिमांचा एकदाच पडतो. आणि ज्याला वीस इंची चाकांवाचून करमतच नाही त्याच्यासाठी जर्मनीत एक सरळ सोय आहे. नंबरप्लेटवर महिने छापून घ्यायचे, उदाहरणार्थ एप्रिल ते ऑक्टोबर. उरलेल्या महिन्यांचा कर आणि विमा वाचतो आणि गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणायची नाही. हा पर्याय मला वीस इंची हिवाळी टायरांपेक्षा केव्हाही शहाणपणाचा वाटतो.

दिसण्याचा आक्षेप राहिला. लहान चाकावर गाडी उंच आणि पोकळ दिसते, हे खरं आहे. पण मिठाच्या चिखलाने मळलेल्या गाडीचं रूप मार्चपर्यंत कोण बघतं? उलट चकचकीत तासलेल्या रिमा हिवाळ्यात वापरल्या की लाखेच्या खाली मीठ शिरून पांढरे केसासारखे तंतू पसरतात आणि त्या रिमा कायमच्या जातात. पूर्ण रंगवलेली साधी रिम हिवाळ्याला बरी.

ब्रँडची चर्चा लोकांना आवडते, पण ती मी मापानंतर करतो. उत्पादकाने स्वतः तपासून मान्य केलेल्या टायरवर खूण असते. पोर्शेची एन आणि पुढे आकडा, बीएमडब्ल्यूची चांदणी, मर्सिडीजची एमओ. पुढे-मागे वेगवेगळ्या मापाचे टायर असलेल्या गाडीत या खुणेला अर्थ आहे, कारण पुढच्या-मागच्या टायरांचा तोल जमवून ती दिलेली असते. चार चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत तर पुढच्या-मागच्या परिघांतला फरक उत्पादकाच्या मर्यादेत राहिला नाही तर गिअरच्या यंत्रणेला त्रास होतो. खूण नसलेला टायर वाईटच असतो असं नाही. पण पुढे एका जातीचा आणि मागे दुसऱ्या जातीचा, हा किफायतीचा मार्ग मी कुणाला सुचवत नाही. मराठी मालकांना कधी कधी एक गोष्ट सांगितली की गंमत वाटते: नेदरलँड्सची व्रेडेस्टाइन ही हिवाळी टायरांसाठी नावाजलेली कंपनी २००९पासून आपल्या अपोलो टायर्सची आहे. बहुतेक भागात बर्फ न पडणाऱ्या देशाच्या कंपनीचे टायर युरोपच्या बर्फात मुकाट काम करतात.

चांगला टायर वाईट बसवला तर वरचं सगळं वाया जातं, आणि बसवण्याचं काम जितकं सोपं दिसतं तितकं नाही. बाहेरून आणलेला थंडगार टायर लगेच रिमवर चढवू नये. बुटक्या कडेच्या टायरचं काठाचं कडं आधीच ताठ असतं आणि थंडीत ते फाटण्याइतकं हट्टी होतं. काही तास उबेत ठेवून, पेस्ट लावून मग चढवावं. हवा भरताना कडं रिमवर टणकन बसेपर्यंत दाब ३.३ बारच्या वर नेऊ नये. बसलं नाही तर हवा सोडून पुन्हा पेस्ट लावावी. रागाने दाब वाढवणारा माणूस या कामात टिकू नये. दिशादर्शक बाण आणि बाहेरची बाजू या खुणा पाहाव्यात, टायर कोणत्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात तयार झाला हे सांगणारे चार आकडे पाहावेत. चाक काढल्यावर हबवर गंजाची पापडी जमलेली असते, ती तारेच्या ब्रशने साफ केल्याशिवाय नवं चाक लावू नये, कारण पापडीवर बसलेलं चाक सरळ बसत नाही आणि पुढे पापडी चुरली की बोल्ट सैल होतात. बोल्टचं डोकं रिममध्ये जिथे टेकतं तो भाग कधी गोलसर असतो, कधी शंकूसारखा. पोर्शेच्या स्वतःच्या रिमांना गोलसर डोक्याचे बोल्ट लागतात, बाहेरच्या रिमांना बऱ्याचदा शंकूचे. चुकीचा बोल्ट हाताला घट्ट लागतो, म्हणूनच तो घातक. बोल्ट आधी हाताने, मग चाक जमिनीवर टेकवून टॉर्क पान्याने आळीपाळीने आवळावेत. केमनला १६० न्यूटन-मीटर लागतात. मध्यभागी एकच मोठं नट असलेल्या ९११ जीटी३सारख्या गाड्यांना ६०० लागतात, तिथे लांब दांड्याचा पाना आणि ब्रेकवर पाय देऊन बसलेला दुसरा माणूस हवा. हवेच्या बंदुकीने आवळून मोकळं होणाऱ्याकडे गाडी देऊ नये. पन्नासेक किलोमीटर चालल्यावर बोल्ट पुन्हा तपासावेत.

हवेच्या दाबाचा हिशेबही थंडीत बदलतो. तापमान दहा अंशांनी उतरलं की दाब साधारण ०.१ बारने घटतो. वीस अंशांच्या वर्कशॉपमध्ये बरोबर भरलेला टायर उणे पाच अंशांच्या सकाळी पाव बारने कमी असतो आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. म्हणून उबेत भरताना थोडी जादा हवा ठेवावी आणि बाहेर थंड टायरवर पुन्हा मोजावी. पोर्शेत दाबाच्या मेनूमध्ये हिवाळी टायर आणि नवं माप निवडावं लागतं, नाहीतर गाडी उन्हाळी आकड्यांशीच तुलना करत बसते. नक्षी चार मिलिमीटरच्या खाली गेली की टायर निवृत्त करावा. जर्मन कायदा १.६ मिलिमीटरपर्यंत चालवू देतो, पण ऑस्ट्रियात चारच्या खालचा टायर हिवाळी मानत नाहीत आणि आल्प्सकडे जाणारे पुष्कळ जण ती सीमा ओलांडतात.

एवढं सगळं नीट केल्यावरही हिवाळ्यात एक तक्रार हटकून येते. रात्री बर्फात उभी केलेली गाडी सकाळी ताशी ऐंशीला स्टिअरिंग थरथरवू लागते आणि मालक बॅलन्सिंग बिघडलं म्हणून तावातावाने येतो. रिमच्या आतल्या पोकळीत बर्फाचा गोळा चिकटलेला असतो, तो चाकाचा तोल बिघडवतो. गाडी लिफ्टवर घेऊन गिऱ्हाइकाशी बोलणं होईपर्यंत गोळा वितळून खाली थारोळं झालेलं असतं आणि मशीन चारही चाकांना शून्य दाखवतं. अशा वेळी बिल लावू नये. चाक पाण्याने आतून धुऊन द्यावं आणि पुढच्या वेळी निघण्याआधी आत हात घालून बघायला सांगावं.